नारंगीचं यमक कुठे हरवलं?

डिसेंबरात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलो होतो. बक्षिसं वाटून झाल्यावर प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि मराठीची थोरवी सांगता सांगता म्हणाले, “इंग्रजीत ऑरेंज, सिल्व्हर, पर्पल आणि मंथ या चार शब्दांना यमकच नाही. ज्या भाषेला चांदीला आणि महिन्याला जोड सापडत नाही, ती श्रीमंत कशी? आपल्या मराठीत हात घालाल तिथे यमक आहे.” मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या इंग्रजीच्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या.

माझे हात मांडीवरच राहिले. तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं आणि त्याच्या कितीतरी आधीपासून ओव्या-आर्या कानावर घेत वाढलो. या विधानाने दोन्ही भाषांवर अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं. विधान एकट्या त्या पाहुण्यांचं नाही. प्रश्नमंजूषेत, कविसंमेलनाच्या सूत्रसंचालनात, मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ते वर्षानुवर्षं फिरतं आहे. त्यातला आकडा चुकीचा आहे, त्यामागचं कारण कुणी सांगत नाही आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष तर साफ खोटा आहे.

आधी आकडा. इंग्रजीत यमक नसलेले शब्द चार नाहीत, हजारोंनी आहेत. बल्ब घ्या, वुल्फ घ्या. फिफ्थ, सिक्स्थ, ट्वेल्फ्थ ही क्रमवाचकं घ्या. रोजच्या बोलण्यातले प्रॉब्लेम, हॉस्पिटल, कॅलेंडर घ्या. यांतल्या एकालाही नेमकं यमक नाही. व्हर्जिनिया वुल्फचं आडनाव वुल्फला चालेल असं कुणी म्हणेल, पण दोन्हींचा उच्चार तंतोतंत एकच आहे आणि तोच उच्चार पुन्हा आणणं याला इंग्रजीत यमक म्हणत नाहीत. मग ऑरेंज आणि सिल्व्हरच एवढे गाजले का? ते रंगांचे, धातूंचे, कवितेत यावेसे वाटणारे शब्द आहेत म्हणून. हॉस्पिटलसाठी यमक शोधत रात्र जागवणारा कवी विरळा.

आता कारण. इंग्रजी शब्दात एका अवयवावर जोर पडतो आणि तो जोर हलवला तर शब्द बिघडतो. यमकाचा सगळा कायदा त्या जोराभोवती बांधलेला आहे. जोराचा शेवटचा स्वर जिथे येतो, तिथून शब्दाच्या अखेरीपर्यंतचे सगळे ध्वनी जुळले पाहिजेत आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन मात्र वेगळं पाहिजे. पॉलिश आणि अबॉलिश जुळतात, कारण जोर ‘ऑ’वर आहे आणि तिथून पुढे दोन्हींत सारखंच आहे. ऑरेंजमध्ये जोर अगदी पहिल्या स्वरावर. म्हणजे जवळजवळ आख्खा शब्द जुळवावा लागतो. शेवटचं ‘रेंज’ जुळवून इंग्रजी कानाचं समाधान होत नाही, कारण ते अक्षर इंग्रज माणूस पुटपुटल्यासारखं उच्चारतो.

मराठीत असा अर्थ ठरवणारा जोर नाही. आपण शब्दाची अक्षरं बरीचशी सारख्या वजनाने उच्चारतो आणि आपला कान शेवटाकडून मोजायला लागतो. शेवटचं अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर जुळला की आपल्याला पटतं. म्हणून मराठी माणूस ऑरेंज म्हणतो तेव्हा त्याला रेंज, चेंज, एक्सचेंज लगेच आठवतात. फोनला रेंज नाही आणि हातात ऑरेंज आहे असं दोन ओळींत कुणी बांधलं, तर मराठी कवितेत ते खणखणीत यमक आहे. गझलेच्या भाषेत सांगायचं तर अलामत सांभाळलेला काफियाच तो. सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’वर ज्यांनी हात बसवला, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. तसंच मंथचं. मराठी तोंडात रुळलेल्या मंथला ग्रंथ, पंथ, संथ असे सोबती रांगेने उभे आहेत. इंग्रजाची जीभ त्या थ-ला दातांमध्ये येते, आपली दातांमागे टेकते. एवढ्याशा फरकाने तिकडचा एकटा शब्द इकडे गोतावळ्यात येऊन बसतो. यमक नसणं हा शब्दाचा गुणधर्म नव्हे. ऐकणाऱ्या कानाने घालून घेतलेल्या नियमाचा तो परिणाम आहे.

याचा सगळ्यात बोलका पुरावा ऑरेंज हाच आहे. हा शब्द मूळचा आपल्या बाजूचा. संस्कृतात नारंग, तोही बहुधा दक्षिणेतल्या द्राविडी भाषांकडून आलेला. इथून तो फारसीत गेला, अरबीत नारंज झाला, अरबांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठी पोचला. स्पेनमध्ये नारांहा झाला. इटली आणि फ्रान्सच्या वाटेवर त्याचा पहिला न गळला आणि फ्रेंचमध्ये तो ओरांज झाला. या सबंध प्रवासात त्याला यमकाची ददात कधी पडली नाही. आपल्याकडे नारंगीला सारंगी आहे, सतरंगी आहे, बहुरंगी आहे. स्पॅनिश नारांहाला शेतमळा या अर्थाचा ग्रांहा शब्द आहे. फ्रेंच ओरांजला देवदूत या अर्थाचा आंज आहे, विचित्र या अर्थाचा एत्रांज आहे, इतकंच काय, फ्रेंच लोक गंगेला गांज म्हणतात, तीही आहे. फ्रेंचमध्ये नारंगी आणि गंगा एकमेकींचं यमक होतात! मग इंग्लिश खाडी ओलांडल्यावर काय झालं? जोर शेवटाकडून सरकून पहिल्या स्वरावर गेला. इंग्रज कवी चॉसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, फ्रेंचकडून आलेले कित्येक शब्द इंग्रजी पद्यात शेवटच्या अवयवावर जोर देऊन वाचले जात. पुढे इंग्रजीने त्यांना आपल्या चालीवर आणलं आणि या एका शब्दाची जुनी सोबत सुटली. शब्द तोच, फळ तेच. त्याच्या एकटेपणावरून इंग्रजीच्या दारिद्र्याचा निवाडा करणाऱ्याने हा प्रवास पाहिलेलाच नाही.

या विधानाला उत्तर देणारा दुसरा एक पक्ष आहे आणि त्याच्याशीही माझं भांडण आहे. ही मंडळी शब्दकोश उपसून विजयी मुद्रेने परततात. वेल्समध्ये अ‍ॅबरगॅव्हेनीजवळ ब्लॉरेंज नावाचा साडेपाचशे मीटरपेक्षा थोडा उंच डोंगर आहे, झालं ऑरेंजचं यमक! इजिप्तमधला प्राचीन स्तंभ न्यूयॉर्कला नेणारे अमेरिकी नौदल अधिकारी गॉरिंज यांचं आडनाव जुळतं, म्हणून आर्थर गिटरमन या कवीने त्यांच्यावर चार ओळी रचल्या. सिल्व्हरला चिल्व्हर आहे, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू. मंथसाठी गणितातला ‘एन प्लस वन्थ’ पुढे करतात. क्रिस्टिना रोझेटीने तर १८७२ च्या आपल्या बालगीतांच्या पुस्तकात एका क्रियापदाच्या जुन्या रूपातला मधला स्वर गिळून मंथला जोड दिली. लहान मुलांच्या गाण्यात ती गोड लागते आणि तिथे ती मला मान्य आहे.

पण यमक म्हणजे कोशातली नोंद नव्हे. यमकाचं काम ऐकणाऱ्याच्या कानात आधीच्या ओळीने जागवलेली अपेक्षा पुरी करणं हे आहे. जो शब्द ऐकणाऱ्याला ठाऊकच नाही, तो अपेक्षा पुरी करू शकत नाही. तो ऐकणाऱ्याला थांबवून तळटीप वाचायला लावतो. चांदण्या रात्रीच्या कवितेत सिल्व्हरसाठी कोकरू आणून उभं केलं, तर यमक मिळतं आणि कविता जाते.

यात एक अपवाद मला फार मोलाचा वाटतो. पर्पलला कर्पल आहे, घोड्याचा पुठ्ठा या अर्थाचा स्कॉटिश शब्द. रॉबर्ट बर्न्सने अठराव्या शतकात ही जोडी वापरली. बर्न्स शेतकऱ्याचा मुलगा, नांगर धरलेला माणूस. कर्पल हा शब्द त्याला शोधावा लागला नाही, तो त्याच्या गोठ्यातला होता. लंगडत चालणे या अर्थाचा हर्पल हाही स्कॉटलंडमध्ये जिवंत आहे. म्हणजे पर्पलला यमक नाही हे म्हणणं लंडनच्या दिवाणखान्यातलं. एअरशायरच्या शेतात ते खरं नव्हतं. ‘इंग्रजीत यमक नाही’ असं म्हणणाऱ्याने कुणाच्या इंग्रजीत, हेही सांगायला हवं. आणि कधीच्या, तेही. शेक्सपिअर लव्ह आणि प्रूव्ह जोडतो, कारण त्याच्या काळी ते जुळत. अलेक्झांडर पोपने चहाचं यमक आज्ञा पाळणे या अर्थाच्या ओबे शब्दाशी केलं, कारण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला टी-चा उच्चार टे असाही होता. उच्चार पुढे गेले आणि यमकं कागदावर राहिली.

आता निष्कर्षाकडे येतो, कारण मला खरी चीड त्याची आहे. यमक मुबलक म्हणजे भाषा श्रीमंत, यमक दुर्मीळ म्हणजे भाषा गरीब. हे माप खरं धरलं तर पहिला दरिद्री कालिदास ठरतो. मेघदूतात अंत्ययमक नाही. अभिजात संस्कृत वृत्तांना त्याची गरज नव्हती. अंत्ययमक आपल्याकडे रुजलं ते अपभ्रंश आणि देशी भाषांच्या काळात. इंग्रजीचं सगळ्यात जुनं महाकाव्य बेओवुल्फ तीन हजारांहून अधिक ओळींचं आहे आणि ते यमकावर नव्हे, शब्दारंभीच्या ध्वनींच्या अनुप्रासावर उभं आहे. यमक इंग्रजीत पाहुणं म्हणून आलं, लॅटिन स्तोत्रांतून आणि फ्रेंच गाण्यांतून, आणि मग घरचं झालं.

इंग्रजी कवींना त्याची टंचाई माहीत नव्हती असंही नाही. चॉसरने फ्रेंच कविता इंग्रजीत आणताना, इंग्रजीत यमकाची वाण आहे अशी तक्रार स्वतःच लिहून ठेवली आहे. थॉमस कॅम्पियन या कवीने १६०२ मध्ये यमकाविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं. सॅम्युएल डॅनियलने लगोलग त्याला यमकाच्या बाजूने उत्तर दिलं. आपण ज्याला प्रतिवाद म्हणतो त्याचा हा चारशे वर्षांपूर्वीचा नमुना. मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’ला १६६८ मध्ये जोडलेल्या टिपणात यमक ही रानटी युगाची निर्मिती आहे, असा ठणठणीत निर्णय दिला. मी मिल्टनशी सहमत नाही. ज्ञानेश्वरीतल्या सुमारे नऊ हजार ओव्यांमध्ये तीन चरणांचं यमक जुळून चौथा आखूड चरण मोकळा सुटतो, तेव्हा जे घडतं त्याला रानटी म्हणणारा कान मला नको. पण ही माणसं आपल्या भाषेकडे डोळे उघडे ठेवून पाहत होती. अभावातून वाट काढत होती.

आणि वाटा कसल्या निघाल्या! इटालियन सुनीतात पहिल्या आठ ओळी दोनच यमकांवर चालवायच्या असतात. स्वरान्त शब्दांनी भरलेल्या त्या भाषेला ते झेपतं. इंग्रजीत ते ओढाताणीचं होतं, म्हणून सोळाव्या शतकात सरे या कवीने चौदा ओळींत सात यमकं घेणारी मांडणी बांधली. शेक्सपिअरने तीच वापरली. ज्या साच्याला आज जग शेक्सपिअरचं सुनीत म्हणतं, तो यमकाच्या टंचाईतून घडला आहे. बायरनने ‘डॉन जुआन’मध्ये एका लांबलचक शब्दाला तीन-चार छोट्या शब्दांची मोळी बांधून यमक दिलं. गीतकार टॉम लेररने ऑरेंजसाठी पुढच्या ओळीतला शब्द मधोमध तोडला, अर्धा वर ठेवला, अर्धा खाली. रॅपर एमिनेमने २०१० मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत सांगितलं की ऑरेंजला यमक नाही हे म्हणणंच त्याला पटत नाही. उच्चार थोडा वाकवला, शब्दाचे तुकडे केले, की तो स्वरांवर स्वर बसवत जातो. शाळेत न रमलेल्या त्या मुलाला जे कळलं, ते सामान्यज्ञानाच्या पुस्तकांना अजून कळलेलं नाही.

विल्फ्रेड ओवेनजवळ मला जरा थांबायचं आहे. पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेला, युद्ध संपायला एक आठवडा उरला असताना ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेलेला हा पंचवीस वर्षांचा कवी. त्याने यमकाचे स्वर जाणूनबुजून चुकवले आणि व्यंजनं तेवढी सांभाळली. आपल्याकडे माळ आणि मूळ, वेळ आणि वाळ असं जोडल्यासारखं. ‘स्ट्रेंज मीटिंग’ ही त्याची कविता अशा जोड्यांवरच चालते. कान जुळणीची वाट पाहतो आणि प्रत्येक वेळी पाऊल एक पायरी चुकून पडतं. ज्या जगात काहीच जागेवर राहिलं नव्हतं, त्याचा तोच आवाज होता. नेमकं यमक तिथे खोटं ठरलं असतं.

एमिली डिकिन्सनने हेच त्याच्या आधी कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या आपल्या खोलीत बसून केलं होतं. ती १८८६ मध्ये वारली आणि १८९० मध्ये तिच्या कवितांचं पहिलं पुस्तक निघालं, तेव्हा संपादकांना तिची अर्धवट यमकं म्हणजे चुका वाटल्या. त्यांनी शब्द बदलून काही यमकं ‘दुरुस्त’ केली. तिने लिहिलेल्या रूपातल्या कविता एकत्र वाचायला लोकांना १९५५ पर्यंत थांबावं लागलं. यमक म्हणजे गुणपत्रिकेतले गुण असं मानलं की असं होतं. मंडपातल्या त्या टाळ्यांमध्ये मला ते संपादक दिसले.

राहिली आपली मराठी. हात घालाल तिथे यमक मिळतं हे खरं आहे. पण ते का मिळतं, हे पाहिलं तर छाती फुगवण्याआधी आपण थोडं थांबू. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि ते लिंग-वचनाचे प्रत्यय घेऊन येतं. आला, गेला, झाला, केला. येतो, जातो, पाहतो, राहतो. ओळीच्या टोकाला काहीही न करता यमक लागतं. ते कवीने मिळवलेलं नसतं, व्याकरणाने फुकट दिलेलं असतं. आज वर्धापनदिनाच्या, निरोपसमारंभाच्या, वाढदिवसाच्या ज्या शेकडो कविता लिहिल्या जातात, त्या या फुकटच्या यमकांनी भरलेल्या असतात आणि त्यांतली एकही ओळ दुसऱ्या दिवशी आठवत नाही. ज्यांना यमकाची खरी हौस होती त्यांनी सोपी वाट धरली नाही. वामन पंडितांना लोक ‘यमक्या वामन’ म्हणत ते त्यांच्या दीर्घ, गुंतवलेल्या यमकांमुळे. मोरोपंतांच्या आर्यांत चार-चार अक्षरं जुळतात आणि अर्थ प्रत्येक वेळी वेगळा निघतो. त्यांची सगळीच यमकं मला आवडतात असं नाही, कित्येक ठिकाणी अर्थाची फरफट होते. पण कष्ट तरी दिसतात.

आणि मराठीतही यमक नसलेले शब्द आहेत, याचा विसर कसा पडतो? पृथ्वी घ्या. ‘थ्वी’ने संपणारा दुसरा शब्द रोजच्या मराठीत काढून दाखवा. साध्वी जवळ येते, पण जुळत नाही. मृत्यू घ्या. अपमृत्यू म्हणजे तोच शब्द पुन्हा. उंबरठा घ्या, मराठा दाराशी येतो आणि आत येत नाही. पृथ्वी, मृत्यू, उंबरठा: मराठी कवितेने यांच्याशिवाय एक शतक तरी काढलं आहे का? कवी हे शब्द ओळीच्या मध्यात ठेवतात आणि टोकाला दुसऱ्याला उभं करतात, किंवा मुक्तछंदात जातात, किंवा जवळच्या ध्वनीवर भागवतात. इंग्रज कवी ऑरेंजचं तेच करतो. या शब्दांवरून मराठीला कुणी दरिद्री म्हणालं तर आपण त्याला मुकाट ऐकून घेऊ का?

स्नेहसंमेलनानंतर चार दिवसांनी आमच्या इमारतीतली सातवीतली मुलगी माझ्याकडे वही घेऊन आली. त्या मंडपात तीही होती. तिने दिवाळीच्या सुट्टीत इंग्रजीत आठ ओळींची कविता लिहिली होती, नागपूरच्या आजोबांच्या बागेवर, आणि ऑरेंजला रेंज जोडला होता. बाईंनी त्या दोन शब्दांखाली लाल रेघ मारून ‘यमक नाही’ असं लिहिलं होतं. पाहुण्यांचं भाषण ऐकल्यावर तिला वाटलं, चूक इंग्रजीचीच आहे, आपली नाही. “म्हणजे काका, हा शब्द कवितेत घ्यायचाच नाही का?” तिने विचारलं.

मी तिला दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायला लावले, आधी आपल्यासारखे, मग जोर देऊन इंग्रजासारखे. तिसऱ्या वेळी तिलाच ऐकू आलं. बाईंची रेघ बरोबर होती, कारण मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मग आम्ही ऑरेंज ओळीच्या टोकावरून उचलून पोटात नेला आणि टोकाला ट्री ठेवला. ट्रीला सी आहे, मी आहे, फ्री आहे. तिने त्यातला कुठलाही घेतला नाही. पेन्सिल चावत बराच वेळ बसली आणि मग मेमरी लिहिलं, कारण ती बाग आता विकली गेली आहे. मेमरीत जोर पहिल्या स्वरावर, म्हणजे हेही नेमकं यमक नव्हे, शेवटचा ‘ई’ तेवढा ट्रीशी मिळतो. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, “असू दे.” ती ओळ मी तशीच राहू दिली. तीच कविता ती आता मराठीतही लिहिते आहे. तिथे तिने ऑरेंज आणि रेंज एकमेकांसमोर उभे केले आहेत, कारण आजोबांच्या त्या बागेत फोन कधी लागतच नसे.